डाव्या बाजूचा नऊ

'१' हा आकडा तुम्ही आत्ता काय वाचलात? एक ना? मराठी मजकुरात छापलाय म्हणून. हाच आकडा एखाद्या जुन्या विलायती रेसिंग कारच्या पत्र्यावर, धुरकट काळ्यापांढऱ्या फोटोत दिसला असता तर तुम्ही छातीठोकपणे नऊ म्हणाला असता. मीही म्हणालो. मेघना गायकवाड म्हणाली नाही. ती आता परदेशात आहे आणि मी घाटकोपरला बसून अजून जळतो आहे.

मेघना माझी कॉलेजातली मैत्रीण. मुलुंडला एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि उरलेल्या वेळात जुन्या शर्यतींचे फोटो जमवून त्यातल्या गाड्या ओळखायची. कुठली गाडी कुणी आणली, तिचं इंजिन कधी बदललं, शेवटी ती भंगारात गेली की कुणाच्या गॅरेजात, सगळं फोटोवरून. कुठलाही फोटो समोर आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "काढणारा कुठे उभा होता?" माझ्या बहिणीच्या साखरपुड्याचा अल्बम बघतानाही तिने विचारलं, "हा फोटोग्राफर सारखा जेवणाच्या टेबलापाशीच का रे?"

मी अक्षरं शिकलो ती बाबांच्या युनियनच्या पत्रकांवरून. मराठी पाट्यांसाठी मी स्वतः दिंडोशीपासून मुलुंडपर्यंत पत्रकं वाटली आहेत. आमच्या पाक्षिकात पानांचे आकडे मराठीच हवेत म्हणून छापणाऱ्याशी कडाकडा भांडलो आहे. मेघनाने माझं नाव पाडलं होतं, 'पत्रककार'. तिच्या छंदाची मला चीड यायची.

"रेसिंग कार?" मी म्हणायचो. "संस्थानिक नि साहेब. धनदांडग्यांचे चाळे सगळे."

"धनदांडगे बसायचे रे. ढकलायचं कोण?" असं म्हणून तिने एका फोटोत गाडीला मागून रेटणारे अनवाणी पाय दाखवले. गाडीने त्यांचे चेहरे झाकले होते. हे वाक्य मला सुचायला हवं होतं. तिने ते चहात बिस्किट बुडवता बुडवता टाकलं आणि विसरूनही गेली.

एकदा ती घरी आली. आईने तिला घावणे वाढले आणि कपाटातून एक फोटो काढून तिच्या पुढ्यात ठेवला. जुहूच्या धावपट्टीवर पूर्वी मोटारींच्या शर्यती व्हायच्या, त्या बघायला माझे आजोबा गिरणीतल्या मित्रांबरोबर गेले होते. एकाच्या भावाचा फोटो स्टुडिओ होता, त्याने हा फोटो काढलेला. तारेच्या कुंपणाला धरून उभे असलेले पाठमोरे आजोबा, डोक्यावर टोपी, आणि पलीकडून सुसाट जाणारी एक बसकी, उघडी गाडी.

"बघ गो बाय, तुझ्या कामाचो आसा काय."

"आई, हा मला कधी दाखवला नाहीस!"

"तू कधी विचारलंस? तू इलंस की भाषण सुरू."

मी फोटो ओढून घेतला आणि गाडीच्या कुशीवरचा आकडा मोठ्याने वाचला. "नऊ नंबर."

मेघना हातातला घावणा तसाच धरून उठली. जुन्या गाड्यांच्या अभ्यासकांत या नऊ नंबरचा फार गवगवा होता. कुंपणाबाहेरून काढलेल्या एका अर्धवट फोटोत ही गाडी दिसायची, पण शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या एकाही फोटोत नव्हती. एका नावाजलेल्या संशोधकांनी तर तिला 'हरवलेली नऊ' असं नाव देऊन तिचा शोध चालवला होता. मेघना आमचा फोटो घेऊन गेली. आईने खुशाल दिला.

काही आठवड्यांनी तिचा फोन आला. "तू मराठीवाला ना? मग ये इकडे, तुझी जिरवायची आहे."

तिच्या टेबलावर दोन फोटो शेजारी शेजारी होते. एक क्लबचा. त्यातली गाडी एक नंबरची, बॉनेटवर इंग्रजी एक, उजव्या बाजूवर इंग्रजी एक. दुसरा आमचा, डाव्या बाजूने घेतलेला. "चालकापुढची काच बघ," ती म्हणाली. दोन्हींत काचेला तडा होता, तस्साच, फक्त उलट्या बाजूने दिसणारा. "गाडी एकच आहे, येड्या. आणि हा नऊ नाही. हा आपला मराठी एक आहे."

एकदा तसा दिसल्यावर तो पुन्हा नऊ दिसेना.

"आता सांग, काढणारा कुठे उभा होता?" तिने कागदावर धावपट्टीचा लंबगोल काढला. गाड्या घड्याळाच्या काट्यांसारख्या फिरायच्या. क्लबचे लोक, खुर्च्या, फोटोग्राफर, सगळे आत. त्यांना कायम गाडीची उजवी बाजू दिसणार. कुंपणाबाहेर आजोबांसारखे लोक, त्यांना कायम डावी. आकडे रंगवणाऱ्याने साहेबांच्या बाजूला साहेबांचा एक काढला होता आणि आपल्या बाजूला आपला.

"निषेध!" मी ओरडलो. "गोऱ्यांच्या नाकावर टिच्चून केलेला निषेध!"

"तू लगेच मोर्चा काढतोस. कुंपणापाशी त्याची आई उभी असेल रे. तिला वाचता यायला हवा ना."

त्या क्षणी मला ती अजिबात आवडली नाही. फोटो माझ्या घरातला, आजोबा माझे, मराठीचा झेंडा माझ्या खांद्यावर. आणि तो आकडाही तिला दिसला, त्यामागची आईसुद्धा तिलाच दिसली.

तिने सगळं लिहून त्या संशोधकांना पाठवलं. उत्तर दोन ओळींचं आलं: अनेक गाड्यांच्या काचेला तडे जातात, बॉनेटचा इंग्रजी एक आणि डाव्या बाजूचा तुमचा तो आकडा एकाच फोटोत दाखवा. आमच्या फोटोत बॉनेट आहे, पण त्यावरचा आकडा नेमका आजोबांच्या टोपीमागे गेला आहे. अर्धवट फोटोत तर गाडीचं नाकच नाही. म्हणजे कागदोपत्री ती अजून हरवलेली नऊच आहे, आणि ज्याने ब्रश धरला तो माणूस कधी झालाच नाही.

पुढे मेघनाला परदेशातल्या एका मोटार संग्रहालयात नोकरी लागली. निघायच्या दिवशी मी तिच्या बॅगा उचलत होतो. "तिकडे मला क्लबवाल्यांचे फोटो ढिगाने मिळतील," ती म्हणाली. "आतून काढलेले. बाहेरचा फोटो इथेच कुणाच्या तरी घरात पडला असणार. तू शोध ना, पत्रककार. पत्रकं कशाला आहेत?"

तर हे पत्रक समजा. सांताक्रूझला, अंधेरीला, गिरणगावातून बोरिवलीला गेलेल्या घरांत, माळ्यावरचे अल्बम आज खाली काढा. आजोबा-पणजोबा कुंपणापाशी उभे असतील तर त्यांच्या पलीकडे बघा. बॉनेटवर इंग्रजी एक आणि डाव्या कुशीवर तो आकडा, जो तुम्हाला आधी नऊ वाटेल. जवळपास कुणाच्या हातात ब्रश दिसला तर घरातल्या म्हाताऱ्यांना त्याचं नाव विचारा. आणि सापडला तर आधी मला कळवा. मेघनाला मी कळवीनच, शब्द देतो.

एक दिवस उशिरा.