साबणाने धुतलेली नळी

साप चावलेल्या माणसाचं रक्त ज्या काचेच्या नळीत तपासायचं, ती नळी साबणाने धुवायची नाही. आमच्या दवाखान्यात हा नियम माझ्यामुळे आला. मोठ्या शहरांतल्या जाडजूड पुस्तकांत तो आधीपासून लिहिलेला असेलही, असू दे. आगाशी आणि नंदाखालच्या वाड्यांमधल्या आमच्या बारा खाटांच्या दवाखान्यात ती पुस्तकं नव्हती. तिथे चूकही माझी होती आणि शोधही माझाच. दोन्ही मी छाती पुढे काढून सांगते, कुणाला आवडो न आवडो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मुंबईत नर्सिंग शिकून मी इथल्या बागायतदारांच्या घरात सून म्हणून आले. घरी केळीची आणि पानवेलीची वाडी, नवरा, धाकटा दीर आणि सासूबाई. सुनेने दुसऱ्यांची घाण काढायची नोकरी करावी, हे सासूबाईंना मुळीच पसंत नव्हतं. तोंडाने बोलायच्या नाहीत, पण संध्याकाळी मी दारात आले की न चुकता म्हणायच्या, "आधी आंघोळ." मीही काही कमी नव्हते. स्वच्छतेचं वेड मला त्यांच्यापेक्षा दुप्पट. दवाखान्यातल्या आया पाठीमागे मला 'सोवळी' म्हणायच्या, ते मला माहीत होतं आणि त्याचा रागही येत नव्हता.

आमचे डॉक्टर तरुण होते. त्यांना एकच ध्यास लागला होता, सापाचा. भातकापणीच्या दिवसांत आमच्याकडे साप चावलेली माणसं यायची आणि सापाची लस नेहमीच तुटपुंजी. किती कुप्या दिल्या म्हणजे पुरे, ते कोणी धड सांगेना. कोणी म्हणे दोन, कोणी म्हणे हाताशी असतील तेवढ्या. डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, आपण त्या माणसाच्या रक्तालाच विचारू." घोणस चावली की रक्त गोठायचं थांबतं. म्हणून थोडं रक्त काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच ती आडवी करायची. रक्त थिजून जागच्या जागी राहिलं तर विष नाही, पाण्यासारखं वाहिलं तर विष आहे. विष असेल तर लस द्यायची, सहा तासांनी पुन्हा नळी भरायची. प्रत्येक रुग्णाचं ते एका जाड वहीत लिहून ठेवायचे. कुठे चावला, कोणता साप, अंगाला काय बांधलं होतं, सगळं. पुरेशी माणसं झाली की ती वही ठाण्याला डॉक्टरांच्या सभेत मांडायची होती.

त्या वर्षी दसऱ्यानंतर वहीत एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. लागोपाठ तीन माणसं अशी आली की चावलं होतं, पण सूज नाही, रक्तस्राव नाही, हिंडतफिरत होती, आणि नळीतलं रक्त मात्र वाहत होतं. डॉक्टरांनी तिघांनाही लस दिली. तिघंही ठणठणीत घरी गेली. डॉक्टर खूश! लक्षणं दिसायच्या आतच विष पकडणारी तपासणी आपल्या हाती लागली, असं त्यांना वाटलं. त्यांनी वहीत लाल शाईने चौकट केली. मीही आयांना ऐटीत सांगत फिरले. लसीच्या कुप्या मात्र त्यात संपत आल्या.

मग ती सकाळ उजाडली. नऊ वाजायच्या आत बैलगाडीतून एका बाईला आणलं. भात कापताना तिच्या हाताला चावलं होतं. ती बांधावर एकटीच होती, त्यामुळे हाताला कोणी काही बांधलेलं नव्हतं. मनगट नुकतं सुजायला लागलं होतं. "बाय, पानी दे," म्हणाली. तिने चूळ भरली तर पाणी गुलाबी! हिरड्यांतून रक्त येत होतं. मी तिची नळी भरून ठेवते न ठेवते, तोच फाटकाशी आरडाओरडा. बघते तर काय, चार जण माझ्या दिराला उचलून आणत होते आणि मागून सासूबाई ऊर बडवत येत होत्या.

वाडीत केळीचा घड उतरवताना पाल्यातून काहीतरी लांबलचक सळसळत आलं आणि पोटरीला चावलं, एवढंच तो सांगत होता. आमच्या माणसांची एक रीत. वाडीत काहीही बांधायचं असलं की केळीचं सोपट, म्हणजे खोडाची सुकी साल, हाताशी असते. पानवेल त्यानेच बांधतात, भाजीची जुडी त्यानेच आणि साप चावलेला पायही त्यानेच. दिराच्या पायाला तीन ठिकाणी, चाव्याच्या वर एक आणि घाबरून खाली घोट्यापाशी आणखी दोन, असं करकचून आवळलं होतं की खालचं पाऊल भोपळ्यासारखं टम्म फुगलेलं आणि काळंनिळं. डॉक्टरांनी बंध हळूहळू सैल केले. मी त्याचीही नळी भरली.

वीस मिनिटांनी बाईची नळी आडवी केली. रक्त वाहिलं. मग दिराची केली. तेही वाहिलं.

फ्रिजमध्ये पाच कुप्या होत्या, एका घोणशीलाही जेमतेम पुरतील एवढ्या. ठाण्याहून लस यायला दुसरा दिवस उजाडणार. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला. "तीन हिला, दोन त्याला," म्हणाले आणि बाईला सुरुवात केली. मला कळत होतं, अशी वाटणी केली तर कदाचित दोघंही जातील. सासूबाईंना फक्त तीन आणि दोन एवढंच ऐकू आलं. त्यांनी माझा दंड धरला. "तुझा दीर आहे तो! परक्या बाईला तीन आणि माझ्या पोराला दोन? काय करतेस काय तू इथे?"

मी दिराकडे बघत होते. माणूस मरायला टेकला म्हणावा, तर तो आयाला म्हणत होता, "मावशी, चहात साखर घातली नाहीस." हिरड्या साफ. पाऊल फुगलेलं, पण सूज घोट्याच्या बंधांखालीच, वर पोटरी जशीच्या तशी! साप तर चावला होता पोटरीला. विषाची सूज चावल्या जागी असायला नको? ही तर सोपटाची सूज. मग नळी का वाहिली? आणि हिंडतीफिरती ती तीन माणसं, त्यांच्या नळ्या का वाहिल्या?

आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शरमेने कानशिलं तापली. पूर्वी नळ्या आया धुवायची, नुसत्या पाण्याने खळखळून. मला ते कळकट वाटायचं. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि नळ्या मी ताब्यात घेतल्या. कपड्यांच्या साबणाचा चुरा नवा डबा भरून आणला आणि ब्रशने घासघासून नळ्या आरशासारख्या केल्या. कधीपासून? दसऱ्यापासून.

"डॉक्टर," मी म्हटलं, "माझ्या दिराला लस लावू नका."

मी कपाटातल्या खोक्याच्या तळातून कोऱ्या, कधीच न धुतलेल्या नळ्या काढल्या. चारच उरल्या होत्या. एकीत दिराचं रक्त घेतलं. मग दाताने रबराची नळी ओढून स्वतःचा दंड आवळला, सुई खुपसली आणि माझं रक्त साबणाने धुतलेल्या नळीत सोडलं. दोन्ही नळ्या खिडकीत शेजारी शेजारी उभ्या केल्या. "माझं रक्त वाहिलं तर काचेला राहिलेला साबणच रक्त गोठू देत नाहीये, तोच खोटं बोलतोय. मला मुंगीसुद्धा चावलेली नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "वीस मिनिटं," म्हणाले. "पण तोवर त्याची नाडी सोडायची नाही. जरा काही झालं तर लस लावणार."

सासूबाईंनी तेवढ्या वेळात मला जे जे ऐकवलं ते घरच्या बोलीत होतं, इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटचं तेवढं सांगते. "याला काही झालं तर माझ्या दारात पाय ठेवू नकोस." नवऱ्याला निरोप गेला होता, तो यायचा होता. मी एका हाताने दिराची नाडी धरली होती आणि मनात देवाला इतके नवस बोलले की सगळे फेडायला दुसरा जन्म लागला असता. माझं चुकलं असतं तर? तर तो माझ्या शब्दाने मेला असता. घरात कुणी म्हणालं नसतं की सिस्टरचा अंदाज चुकला. म्हणाले असते, वहिनीने मारला.

वीस मिनिटं झाली. डॉक्टरांनी आधी माझी नळी आडवी केली. रक्त सरळ वाहत काठापर्यंत आलं. मग दिराची. रक्त खरवसासारखं घट्ट, जागचं हललं नाही.

"धामण असणार," डॉक्टर म्हणाले आणि खुर्चीत बसूनच राहिले. मग उठले आणि उरलेल्या कुप्या स्वतःच्या हाताने बाईकडे नेल्या. तिची नळीही साबणाचीच होती, पण तिच्या हिरड्या खोटं बोलत नव्हत्या.

बिनविषारी साप चावला हे कळल्यावर दिराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "वहिनी, वाडीत सांगू नकोस ना," म्हणाला. मी वाडीभर सांगितलं! डॉक्टरांनी वही उघडली आणि ती लाल चौकट एका रेघेने खोडली. एवढे दिवस उराशी धरलेला शोध होता तो. मी म्हटलं, "डॉक्टर, चूक माझी. लसही माझ्यामुळे वाया गेली." ते म्हणाले, "मग नियम तुम्हीच लिहा. तुमच्या अक्षरात." नळी साबणाने धुऊ नये, असं मी त्या वहीत लिहिलं. ती वही पुढे ठाण्याला मोठमोठ्या डॉक्टरांपुढे गेली, माझ्या वळणदार अक्षरासकट.

दुपारी बाईची सहा तासांची वेळ भरत आली. तिचा नवरा मिठागरावरून धावत आला होता आणि भिंतीला टेकून नुसता उभा होता. माझ्या नवऱ्याने येऊन दिराला घरी नेलं तरी सासूबाई मात्र गेल्या नव्हत्या. बाकावर बसल्या होत्या, माझ्याशी अक्षर बोलत नव्हत्या. मी कोऱ्या नळीत बाईचं रक्त घेतलं, वीस मिनिटं थांबले. डॉक्टर म्हणाले, "तुम्हीच बघा." मी नळी आडवी केली. मग पार उलटी केली. थेंबही पडला नाही.

सासूबाई जवळ येऊन नळीकडे बघत राहिल्या. हळूच विचारलं, "हिच्या पाच कुप्यांतल्या दोन माझ्या पोराला दिल्या असत्या तर?"

"तर ही गेली असती, आई."

बाईचा नवरा डॉक्टरांच्या पायांवर पडायला वाकला. सासूबाईंनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि माझ्याकडे वळवलं.

"तिकडे नाही. हिच्या पाया पड. माझी सून आहे ती."