बालू मक्खीवाले भाऊजी

जगात कुणी वाघाला घाबरतं, कुणी सासूला. पण तांदळाच्या कणीएवढ्या माशीला घाबरून अख्ख्या टाउनशिपची झोप उडवणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या वरच्या क्वार्टरमधले भाऊजी. भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या मलेरिया विभागात होते, पण डासांची त्यांना काही मातब्बरी वाटत नसे. "डास बिचारा गुणगुणत तरी येतो, वहिनी. ही बालू मक्खी, आपली वाळूमाशी, मुकाट चावते अन् काळ्या आजाराचा ताप देऊन जाते!" घरात आले की माणसांआधी भिंतींची विचारपूस. भेग दिसली की डब्यातला ओला चुना काढून बोटानं बुजवणार. मच्छरदाणीची भोकं मोठी पडतात म्हणून बायकोच्या दोन वॉइलच्या साड्या फाडून त्यांनी स्वतः मच्छरदाणी शिवली. भर मे महिन्यात दोघं आत उकडून निघत. माझ्या नणंदेला बघायला ग्वाल्हेरची मंडळी आली, तर भाऊजींनी "हिलना मत!" म्हणत मुलाच्या वडिलांच्या कॉलरवर टॉर्च मारला आणि काचेच्या नळीनं काहीतरी ओढून घेतलं. निघाली अनारशाची खसखस! तरीही लग्न जमलं, ही त्या मंडळींचीच कृपा.

मग आमचे हे झारखंडच्या जंगलातल्या साइटवर टर्बाइन बसवायला गेले आणि ताप घेऊन परतले. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणता म्हणता दोन आठवडे झाले. भाऊजींनी यांचं पोट चाचपलं. "डाव्या कुशीतली पानथरी वाढलीय, काळ्या आजारात वाढते तशी," एवढंच म्हणाले; त्या दिवशी एकाही भिंतीकडे त्यांनी बघितलं नाही.

त्यांनीच जबरदस्तीनं दवाखान्यात नेऊन रक्त तपासायला दिलं. रिपोर्टच्या दिवशी भाऊजी आणि मी बाहेर बाकावर बसलो होतो. "तिथं झोपायचे कुठं? भिंती मातीच्या होत्या? जवळ गोठा होता?" दर पाच मिनिटांनी तेच. शेवटी मी खेकसलेच, "पुरे करा हो, भाऊजी! जीव जायची वेळ आलीय माझा."

डॉक्टर बाहेर आले. काळा आजार नव्हता. टायफॉइड होता, औषधानं बरा होणार होता.

या माणसाची एकदा तरी चांगली फजिती व्हावी, म्हणून मी बारा वर्षं टपून होते. वळून बघते तर भाऊजी रुमालात तोंड खुपसून हमसून हमसून रडत होते. "चुकलो, वहिनी," म्हणाले. "देवाच्या दयेनं साफ चुकलो." मलाही रडू फुटलं. त्यांचे पाय धरावेत असं फार वाटलं, पण जमलं नाही. नुसतं म्हटलं, "चला, चहा घेऊ."