आईच्या चेहऱ्यावरचे थर

काचबिंदूनं अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याबद्दल सोलापुरातल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार टिकेल असं नाही. घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "तुज्या आईचं मोठं चित्र काढ. दिसतंय तवर बघतो."

मी शाळेत चित्रकला शिकवते. आई गेली होती आणि तिचा एकटीचा फोटो म्हणजे पासपोर्ट साइजचा, तोही फिकटलेला. त्यावरून घाईघाईनं तैलरंगात चेहरा उभा केला. अण्णांनी बघितलं आणि म्हणाले, एवढी भडक नव्हती ती.

खरंच होतं. गाल तांबडे, कपाळ पिवळं. रंग मवाळ करायची एकच रीत मला येत होती. पांढरट रंग जवसाच्या तेलात अगदी पातळ करायचा आणि वाळलेल्या चेहऱ्यावर त्याचा झिरझिरीत थर द्यायचा. खालचा रंग दिसत राहतो, पण निवळतो. मात्र एक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि वाळायला दिवसच्या दिवस जातात.

इकडे अण्णांचा कप बशीच्या बाहेर टेकू लागला. उन्हाची झळ लागून लवकर वाळावं म्हणून मी चित्र गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. शाळेतून आले की चप्पल न काढता वर जाऊन बोट लावून बघायची. एकदा धीर सुटला, ओलसर थरावरच ब्रश फिरवला आणि गालाचा रंग सोलून निघाला. तिथंच फरशीवर बसून रडले. मग पुन्हा गाल रंगवला, पुन्हा वाट बघितली.

शेवटी चित्रात आई आली. तोच गव्हाळ, थोडा दमलेला चेहरा. अण्णांना हात धरून दारातल्या उजेडात बसवलं. मान तिरकी करून, नाक लागेल इतक्या जवळून ते शोधत राहिले.

"कुटं हाय ती?"

त्यांचं बोट धरून मी कपाळ दाखवलं, डोळे दाखवले.

"सगळं धुक्यावानी दिसतंय गं."

मग माझ्या लक्षात आलं. त्यांच्या डोळ्याला आता भडक तेवढंच दिसत होतं, आणि एकेक थर देऊन मी नेमकं तेच पुसत आणलं होतं.

त्याच दुपारी मी काळा रंग घेतला. भुवया, डोळे, ओठांची कड जाड ओढली. कुंकू ट्यूबमधून निघालं तसंच लालभडक लावलं. हाताखालून आई जात होती आणि थांबता येत नव्हतं.

अण्णांनी पुन्हा बघितलं. "ही ती न्हाय," म्हणाले. मग म्हणाले, "पर दिसती तरी. ऱ्हाऊ दे."

रोज सकाळी खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसत. दिवाळीच्या आत उरलेली नजरही गेली आणि ते बसणंही संपलं.

चित्र अजून भिंतीवर आहे. मवाळ करावं म्हणून एकदा ब्रश घेऊन उभी राहिले. आतून अण्णांचा खोकला ऐकू आला. त्यांना काही दिसणार नव्हतं, तरी माझा हात पुढं गेला नाही.