मडगार्डच्या आतली घडी

महानंदाचा फोन सकाळी साडेसातला आला. ती बसलिंगअप्पांची थोरली मुलगी, लातूरला शिक्षिका आहे. "काका, अप्पा लिंगैक्य झाले," ती म्हणाली. मग मी विचारायच्या आधी तिनंच बाकीचं सांगितलं. मुरुडच्या घरी, झोपेतच. समाधी दुपारी तीनला, शेतात... मी नांदेडहून निघालो. गाडी काढण्यापूर्वी खाली वाकलो, पुढच्या चाकावरच्या मडगार्डच्या आत हात घातला आणि पत्र्याच्या आतल्या घडीवरून बोट फिरवलं. ही सवय मूळची माझी नाही, अप्पांची आहे. त्यांची माझी ओळख त्या घडीपायीच झाली, आणि ती माझ्या एका चुकीमुळे झाली.

उस्मानाबादेतून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला, तेव्हा कार्यालयं भाड्याच्या घरांत उघडली होती. पाट्या आधी लागल्या, खुर्च्या मागाहून आल्या. गाड्या आल्या त्या इतर ठिकाणी नकोशा झालेल्या. अशाच एका जुन्या जीपवर अप्पा रोजंदारीनं ड्रायव्हर म्हणून लागले. कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं, की जीप चालते तोवर अप्पा. जीप निकामी ठरली की त्यांनी मुरुडला परत जायचं. जीपचं इंजिन बरं होतं. धोका मडगार्डला होता. अप्पा म्हणायचे, "इंजन बोलतं. बिघडलं की आवाज करतं. पत्रा बोलत न्हाई, गुमान सडतो."

ते कसं, हे त्यांनी मला पुढं अनेकदा दाखवलं. चाक चिखल वर फेकतं. मडगार्डच्या पत्र्याची कड मजबुतीसाठी आतल्या बाजूला दुमडलेली असते, आणि चिखल नेमका त्या घडीत बसतो. वरून वाळलेला दिसतो, खाली ओल धरून राहतो. बाहेरच्या रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पत्रा खाऊन झालेला असतो. म्हणून अप्पा रोज गाडी उभी केली की चारही चाकांच्या आत बोट फिरवायचे. बाभळीच्या लाकडाची एक चपटी पट्टी त्यांनी तासून घेतली होती, तिनं चिखल खरवडायचे. लोखंडानं खरवडलं तर रंग निघतो. मग काथ्यानं घासायचं, थोडं पाणी मारायचं, उन्हात पूर्ण वाळू द्यायचं, उघडा पडलेला पत्रा दिसला तर त्यावर रेड ऑक्साइड आणि शेवटी इंजिनातल्या जळक्या ऑइलचा पातळ हात. ब्रेकला आणि टायरला ऑइलचा थेंब लागू द्यायचा नाही. यातली एकही पायरी त्यांनी गाळलेली मी पाहिली नाही.

जिल्हा झाल्यावर काही वर्षांतच पावसानं ओढ दिली. जीप टँकरच्या देखरेखीला लागली. सगळा जिल्हा कोरडा पडलेला असताना ती जीप मात्र रोज चिखलात उभी असायची, कारण टँकर भरायच्या जागी पाणी सांडून राड झालेली असे. पाणी बोअरचं, खारट. तो गाळ नुसता खरवडून भागत नव्हतं, घडीतला खार धुवावाच लागे. आणि शहरात नळाला कित्येक दिवस पाणी नव्हतं.

मी तेव्हा लातूरला वार्ताहर होतो. एका सकाळी त्या कार्यालयावरून जाताना पाहिलं : रस्त्याच्या एका बाजूला हापशावर बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या आणि दुसऱ्या बाजूला एक ड्रायव्हर डब्यानं जीपच्या चाकावर पाणी घालतोय. मी थांबलो नाही. दुसरी बाजू विचारावी, हे बातमीदाराला पहिल्या दिवशी शिकवतात. मी विचारली नाही. पहिल्या पानावर चार ओळींची चौकट आली : 'टंचाईत सरकारी जीपला आंघोळ'. मथळा मीच दिला होता आणि तो मला आवडला होता. दुसऱ्या दिवशी त्या कार्यालयातल्या साहेबांनी अप्पांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

चौथ्या दिवशी आमच्या कचेरीत एक बाई आल्या. हातात रिकामं घमेलं. अप्पा मागं पायरीवरच बसून राहिले. त्या शिवगंगाबाई, अप्पांच्या पत्नी.

"आंघोळीचं कुनी लिहिलं?"

मी म्हणालो, मी.

"जीपनं आंघोळ केली म्हनलाव न्हवं? चला घरी, दावते कुनी केली ते."

मी गेलो. अंगणात एक बाज टाकलेली होती आणि बाजेखाली मातीत घमेल्याचा गोल ठसा उमटलेला होता. घरातली चार माणसं एकामागून एक त्या बाजेवर बसून अंगावर तांब्याभर पाणी घेत. खाली घमेल्यात साठलेलं पाणी फडक्यातून गाळून डब्यात भरायचं आणि तो डबा सायकलला अडकवून अप्पा जीपपाशी न्यायचे. मी पाहिलेलं पाणी ते होतं.

"आन साबन बंद केलाय आमचा," शिवगंगाबाई म्हणाल्या. "का? तर म्हने जीपला साबन चालत न्हाई. जीपला चालत न्हाई म्हून आमालाबी न्हाई! लेकरं नुसती माती चोळून राहिली अंगाला."

"जाऊ दे गं," अप्पा मान खाली घालून म्हणाले, "त्यांला काय ठावं."

खुलासा छापून आला. पाचव्या पानावर, तुरीच्या भावाखाली, दोन ओळी. मी साहेबांनाही जाऊन भेटलो. त्यांनी ऐकून घेतलं, बघू म्हणाले. तीन आठवडे काही झालं नाही. मग जुन्या गाड्यांची तपासणी ठरली. तोवर बदली ड्रायव्हरनं जीपच्या मडगार्डला हातही लावला नव्हता. साहेबांनी अप्पांना बोलावून घेतलं. अप्पा दोन दिवस जीपखाली होते. तपासणीला आलेल्या माणसानं छोट्या हातोडीनं चारही मडगार्ड आतून ठोकून पाहिले. सडलेला पत्रा भद्द वाजतो, चांगला खणखणतो. चारही खणखणले. जीप राहिली, अप्पा राहिले, आणि काही वर्षांनी कायमही झाले. त्यात माझा वाटा नाही.

माझी नांदेडला बदली झाली, तरी ओळख टिकली. मी जुनी फियाट घेतली. निवृत्तीनंतर अप्पा माझ्याकडे दोन-चार दिवस राहायला यायचे. "शरणार्थ" म्हणून आत आले, की पिशवी ओट्यावर ठेवायचे आणि चहाच्या आधी गाडीकडे जायचे. एकदा मी इस्लापूरकडून पावसात आलो होतो. अप्पांनी मडगार्डच्या आत हात घातला आणि मूठभर लाल चिखल, त्यात कुजलेली सागाची पानं, बाहेर काढून माझ्यासमोर धरला.

"अख्खं किनवटचं जंगल घेऊन आलाव की. वनखात्याला इचारलं व्हतं का?"

मग पट्टीनं खरवडणं, काथ्या, आणि शेवटी पाणी. पाण्याच्या वेळी त्यांची एक ठरलेली थट्टा होती. प्रत्येक तांब्याला माझ्याकडे बघून म्हणायचे, "एक. लिव्हा." मग, "दोन. लिव्हा." तीनच्या पुढं ते कधी गेले नाहीत. त्या बातमीचा उल्लेख त्यांनी आयुष्यभर केला तो एवढाच.

एकदा मीच विषय काढला. म्हणालो, अप्पा, ते राहूनच गेलं...

"काय राह्यलं? आलं व्हतं की पाचव्या पानावर. तुरीच्या भावाखाली. वाचलं मी." त्यांनी काथ्या झटकला. "तूर चांगली व्हती त्या दिवशी." मग हसणं संपल्यावर, अगदी सहज, "मुरुडात मात्र पैलं पान वाचत्यात. मायला तेच वाचून दावलं कुनीतरी. म्या समजावलं, पन तिला वाटायचं, छापलंय म्हंजी खरं आसंल." त्यांची आई तेव्हा हयात नव्हती.

समाधी देऊन झाल्यावर लोक बांधावर बसले होते. शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला विचारलं, पाव्हणे कुठले. मी नांदेड म्हणालो, कामाचं काही बोललो नाही. ते म्हणाले, "लई भला मानूस. कुनाला वंगाळ बोलला न्हाई. फकस्त त्या दुष्काळात तेवढी जीप धुतली म्हने... तेवढं एक सोडलं तर."

मी त्यांना बाज, घमेलं, फडकं, सगळं क्रमानं सांगितलं. बातमी माझी होती, हेही सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. "आसं व्हय," म्हणाले, आणि तंबाखू मळू लागले. एका माणसाला सांगून झालं. बांधावर शंभरेक माणसं होती.

म्हणून हे इथं लिहितो आहे. बसलिंगअप्पांनी दुष्काळात पिण्याचं पाणी जीपवर घातलं नाही. ते त्यांच्या घरातल्या चार माणसांच्या आंघोळीचं पाणी होतं. बातमी चुकीची होती आणि ती मी लिहिली होती. मुरुडला आमच्या पेपरची ही पुरवणी जाते. ज्यांच्या हाती पडेल, त्यांनी शेजाऱ्याला वाचून दाखवावी.

निघताना महानंदानं बाभळीची पट्टी माझ्या हातात दिली. वापरून वापरून ती एका बाजूनं झिजली आहे, अप्पांच्या अंगठ्याच्या जागी खळगा पडला आहे. माझा अंगठा त्यात नीट बसत नाही, थोडा तिरका धरावा लागतो. परतताना अहमदपूरच्या पुढं पाऊस लागला. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर मी गाडीपाशी बसलो, चारही चाकांच्या आतलं खरवडलं, काथ्यानं घासलं आणि बादली जवळ ओढली. पहिला तांब्या घातला. तोंडातून "एक" निघालं आणि मी थांबलो... मग दोन, मग तीन. घडीवरून बोट फिरवलं. चिखल नव्हता. चौथ्यासाठी बादलीत बुडवलेला तांब्या तसाच परत ओतला आणि गाडी उन्हात वाळायला सोडली.