वहिनीचं नाक आणि माझी कंपनी

ओतूरच्या एसटी स्टँडवर वहिनी मला सोडायला आली होती. माझ्या मांडीवर चपलांचा खोका, त्यात तारा लावलेली एक डबी. गाडी हलली तशी ती खिडकीशी येऊन म्हणाली, "भाऊजी, डब्या जोडाय आमी खोली रिकामी करून ठेवतो. तुमी फकस्त मशीन घेऊन या."

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, त्या डबीची खरी गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही.

आमच्या बराखीत कांदा साठवलेला असायचा. वहिनी सकाळी बराखीच्या कडेनं चालत जायची आणि मध्येच थांबून सांगायची, "हितं सडाय लागलाय." उकरून बघितलं की खाली खराब कांदा सापडायचाच. तिचं नाक जे ओळखतं ते सेन्सरनं ओळखावं, ही कल्पनाही तिचीच. मी इंजिनिअरिंग शिकलेला, मी फक्त तारा जोडल्या.

पुण्यातल्या इन्क्युबेशन सेंटरनं मला टेबल दिलं, लॅब दिली, कंपनीची नोंदणी करून दिली, पहिले ग्राहक गाठून दिले. माझ्या मेंटॉर मॅडम मोठ्या मनाच्या होत्या. फॉर्मवर 'संकल्पना कोणाची' असा रकाना होता. मी माझं नाव लिहिलं. कुणी लिहायला लावलं नव्हतं.

पुढे मॅडमनीच विचारलं, "डब्यांच्या जोडणीचं काम तुमच्या गावात नेता येईल का? तिथल्या बायकांना रोजगार मिळेल. ट्रेनिंगची सोय आम्ही करू." मीच नको म्हणालो. लाइट जाते, वेळ जाईल, क्वालिटी राहणार नाही, अशी कारणं सांगितली. काम चाकणच्या एका कारखान्याला दिलं.

गावात वहिनीनं खोली सारवून ठेवली होती. बचत गटातल्या सहा जणी तयार होत्या. वर्षभरानं तिचा फोन आला. "भाऊजी, खोलीत कांद्याच्या गोण्या टाकू का? जागा अडून ऱ्हायलीय." मी पटकन हो म्हणालो. मला सुटल्यासारखं वाटलं, हे आज कबूल करतो.

यंदा ओतूरच्या एका कॉलेजात तसंच सेंटर सुरू झालं. यशस्वी उद्योजक म्हणून मला भाषणाला बोलावलं. वहिनी पुढच्याच रांगेत होती. लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवून मी माइकवर सांगितलं, की हे सगळं माझ्या वहिनीचं आहे, आणि मी तिचं नाव लिहिलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, ओझं उतरलं.

बाहेर चहाचा कप हातात देत ती म्हणाली, "लई चांगलं बोललात. पन जरा उशीर झाला. त्या सहातल्या चौघी कवाच चाकणला गेल्या. तिथं खोली घेऊन ऱ्हात्यात."

"कशाला?"

"तुमचीच डबी जोडाय. तुमाला ठावं नव्हतं व्हय?"

मला ठाऊक नव्हतं.

गाव सोडताना घर म्हणजे आपण परत येईपर्यंत जागच्या जागी थांबलेली माणसं, असं मी धरून चाललो होतो. त्या चौघींनाही मीच घरातून उठवलं. परवा त्या कारखान्याच्या गेटपर्यंत गेलो. शिफ्ट सुटली, आमच्या जुन्नरकडची बोली कानावर आली. हाक मारायला तोंड उघडलं, आणि त्यांतल्या एकीचंही नाव मला आठवेना.