शंका नाहीत

सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये मी सकाळी सातला लॅपटॉप उघडायची, तेव्हा अमेरिकेतल्या त्या बाईंची संध्याकाळ असायची. गोदामांतून माल पाठवणारी एक जुनी प्रणाली त्या वीस वर्षं सांभाळत होत्या. ते काम आता बंगळुरूला येणार होतं, म्हणजे माझ्याकडे. आठ आठवड्यांत त्यांनी मला सगळं शिकवायचं, मी ‘शिकून झालं’ असं लिहून द्यायचं, की त्यांची नोकरी संपली. आमच्या धंद्यात याला ‘केटी’, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, म्हणतात.

बाई फार सावकाश शिकवायच्या. कालचंच आज पुन्हा. आणि तास संपताना विचारायच्या, “काही शंका?” मी जन्मभर पहिल्या बाकावर बसलेली. शंका असणं म्हणजे डोकं नसणं, हे माझ्यात शाळेपासून मुरलेलं. “शंका नाहीत,” मी ताठ मानेनं सांगायची. मनातून चरफडायची, बाई मला ढ समजतात की काय!

“स्वल्प दम धर की गं,” निपाणीहून आलेली आई चहा देताना म्हणायची. “कसली एवढी घाई?”

पाचव्या आठवड्यात मी ऐटीत साहेबांना लिहून दिलं: शिकून झालं, उरलेल्या तासांची गरज नाही. सगळ्या टीमसमोर माझं कौतुक झालं.

दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, “शुक्रवार माझा शेवटचा दिवस. हुशार आहेस तू. थोडी कमी असतीस तर बरं झालं असतं.” आणि हसल्या. मग बोलता बोलता कळलं: पुढच्या महिन्यात त्यांच्या नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि त्याचा विमा बाईंच्या नोकरीवर होता.

मला स्वतःचीच लाज वाटली. कॉल संपताच मी सतरा शंका लिहून काढल्या आणि साहेबांना पाठवल्या, बाईंनाही. साहेबांचा लगेच फोन. “काय मॅडम, काल तर सगळं येतं म्हणालात! आता वर कळवून झालंय.”

बाईंचं उत्तर शुक्रवारी आलं. “यातलं सगळं तुला येतं. तरी विचारलंस. आभार.” तासाभरात त्यांचा कंपनीतला ईमेल पत्ता बंद झाला.

ती प्रणाली मी अजून चालवते. एकदाही अडले नाही. ऑपरेशनचं काय झालं, एवढी एकच खरी शंका राहिली, आणि ती विचारायला माझ्याकडे कुणी नाही.