पहिलं नको

अमेरिकेतल्या मराठी शिबिरात मी शिकवायला गेले ती थोरल्या बहिणीच्या हट्टापायी. तिकडच्या मराठी पोरांना उन्हाळ्याच्या सुट्टीत तळ्याकाठच्या लाकडी खोल्यांत ठेवायचं आणि मराठी बोलायला लावायचं, असा तो बेत. शिबिराची व्यवस्था बहिणीकडे, मास्तरणी सगळ्या फुकटच्या. मी वसईच्या शाळेत शिकवणारी, बिनलग्नाची, गिरीजच्या वाडीत आईसोबत राहणारी. "तुला काय, रजा टाक नि ये," बहीण म्हणाली. म्हणे तुला काय! आईला शेजारच्या काकूंच्या भरवशावर सोडून, तिने केळी वाळवून केलेली सुकेळी पिशवीत घालून मी गेले.

एक दिवस मी पोरांना पाहुणा-पाहुणा खेळायला बसवलं. एक मुलगी घरची बाई, दुसरी पाहुणी. घरच्या बाईने सुकेळ्यांची बशी पुढे केली. पाहुणी, मी शिकवल्याप्रमाणे, लाजत म्हणाली, "नको." झालं! हिने बशी उचलली नि बाजूला ठेवून दिली.

"अगं, परत विचार की!"

"का? ती नो म्हणाली ना."

"पहिलं नको खरं नसतं गं."

"मग दुसरं?"

"दुसरं... तेही बहुतेक नसतं."

"आणि खरंच नको असेल तर काय म्हणायचं, टीचर?"

जन्म गेला माझा आग्रह करण्यात नि करून घेण्यात, पण आपल्याला ते कळतं कसं, हे काही सांगता येईना. तोंडाकडे बघून, आवाजावरून, की नुसतंच अंदाजपंचे? पोरं खिदळत होती. दारात बहीण येऊन उभी होती, ती मात्र हसत नव्हती.

संध्याकाळी भांडी घासताना ती म्हणाली, "दिवाळीत मी आईला फोनवर विचारलं होतं, आमच्याकडे ये कायमची राहायला. नको म्हणाली."

"मग?"

"मग काय? बरं म्हटलं."

"एकदाच विचारलंस?"

"इथे दोनदा विचारलं की जबरदस्ती वाटते. मी तिचा मान ठेवला गं."

असा संताप आला मला! मान कसला डोंबलाचा? दिवाळीपासून आई मधूनच म्हणायची, "थोरलीला आता आपलं काही नाही." मी आपली तिची समजूत घालायची. त्याचा अर्थ आता कळला. पण खरंच कळला का? केळींना पाणी कोण देणार म्हणून जी बाई जवळच कामणला मावशीकडेसुद्धा एक रात्र राहत नाही, तिचं नको खरं असायला काय हरकत होती? माझं डोकंच चालेना. शिवाय मला आई यातलं अवाक्षर बोलली नव्हती, ते वेगळंच.

"परत विचारू?" बहीण म्हणाली. "सांग ना, तूच शिकवतेस ना हे सगळं?"

गिरीजला तेव्हा सकाळ होत होती. तिने फोन लावला. आई फोनवर ओरडूनच बोलते, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येत होतं.

"नको गं बाय."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी हाताने खूण केली, परत विचार.

"नको गं, माझं काय तिथे?"

मी पुन्हा खूण केली. का केली, देव जाणे. आई तिथे गेली तर वाडीतल्या त्या घरात मी एकटी उरणार होते, आणि आग्रह करायला लावत होते मीच. तिसऱ्यांदा विचारल्यावर आई म्हणाली, "धाकटीला दे."

मी फोन घेतला.

"तू राहशील ना एकटी? जाऊ का मी?" एवढ्या हळू आवाजात ती फोनवर कधी बोललीच नव्हती.

"जा ना," मी म्हटलं. "खुशाल जा. माझं काय?"

आणि तिने परत विचारायची वाट बघत राहिले.

"बरं," आई म्हणाली, आणि पासपोर्टला काय काय लागतं ते विचारायला लागली.